घरच्या आरओच्या पाण्यात मीठ घातले की मरीन टाकीचे पाणी तयार होते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे ते स्पष्ट राहील. पाथर्डी फाट्याजवळ सोसायटीत राहता. दोनशे लिटरची मरीन टाकी, म्हणजे समुद्री जीवांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी, घेतली आहे. तिच्यात क्लाउनफिशची जोडी, एखादा क्लीनर श्रिंप (छोटी समुद्री कोळंबी) आणि पुढे मऊ प्रवाळ ठेवायचे आहेत. स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यात मीठ मिसळून टाकी भरली तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. दुकानदार सांगतो की नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब टाका, मीठ घाला आणि त्याच दिवशी मासे सोडा. शिवाय अलिबागचे मामा समुद्राचे पाणी कॅन भरून आणून द्यायला तयार आहेत.

नाशिकमध्ये मरीन टाक्या सांभाळताना आणि दुसऱ्यांच्या बसवून देताना एक गोष्ट मला वारंवार दिसली. लोक विचारतात, पाणी स्वच्छ आहे का. विचारायला हवे ते असे, की या पाण्यात नेमके काय काय आहे आणि मे महिन्यातही तेच आणि तेवढेच असेल का. पिण्याच्या पाण्याची परीक्षा माणसाच्या शरीरावर बेतलेली असते. प्रवाळ, श्रिंप, गोगलगायी यांची सहनशक्ती वेगळी, आणि काही बाबतीत ती आपल्यापेक्षा कितीतरी कमी.

तांब्याचेच उदाहरण घ्या. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. आता मरीन माशांना पांढरे ठिपके पडणारा रोग झाला, तर वेगळ्या टाकीत विरघळलेल्या तांब्याचा डोस देतात तो लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. तेवढ्याने परजीवी मरतो, मासा तगतो आणि श्रिंप, गोगलगायी, प्रवाळ मात्र जातात. म्हणजे माणसाला मानकानुसार चालणाऱ्या पाण्याने तुमचा क्लीनर श्रिंप मरू शकतो, आणि त्यात पाणीपुरवठा करणाऱ्यांचा काहीच दोष नसतो.

तांबे नाशिकच्या घरात कुठून येते हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे ते सहज येते. आपल्या घरांत तांब्याचे हंडे, कळशा आहेत आणि रात्रभर तांब्यात ठेवलेले पाणी प्यायची सवय आहे. ती भांडी टाकीच्या पाण्याला लावू नका, घासून लखलखीत केलेली असली तरी नाही. पितळी नळाच्या तोंडाशी रात्रभर थांबलेले पाणी, गीझरमधून आलेले पाणीही घेऊ नका. हिवाळ्यात पाणी कोमट हवे म्हणून गीझर चालू करायचा मोह होतो. त्याऐवजी ड्रममध्ये टाकीचा काचेचा किंवा टायटॅनियमचा हीटर सोडा. आणि तुमच्या किंवा नातेवाइकांच्या द्राक्षबागा असतील तर एक पक्के लक्षात ठेवा. बागेवर बोर्डो मिश्रण फवारतात त्यात मोरचूद असते, आणि मोरचूद म्हणजेच तांब्याचे क्षार. ज्या बादलीत, ड्रममध्ये किंवा मापात एकदा मोरचूद कालवले ती वस्तू कितीही धुतली तरी टाकीकडे आणू नका. बागेतून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

आता तुमच्या आरओकडे वळू. 'आरओचे पाणी' म्हणून जे ग्लासात येते ते नुसते मेंब्रेनमधून, म्हणजे आरओच्या क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, आलेले पाणी नसते. अगदी क्षारविरहित पाणी बेचव लागते, म्हणून कंपन्या मेंब्रेननंतर पुन्हा काहीतरी मिसळतात. कुठे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर असतो, जो थोडे न गाळलेले पाणी परत आत सोडतो. कुठे मिनरल कार्ट्रिज असते. हल्ली बऱ्याच मशिनांत तांबे किंवा जस्त मिसळणारे कार्ट्रिज असते आणि तेच जाहिरातीत ठळकपणे सांगितलेले असते. पिणाऱ्यासाठी ते ठीक आहे. तुमच्या टाकीसाठी मात्र आपण जे काढायला निघालो तेच पुन्हा घातले जाते. म्हणून पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर: नळातून ग्लासात येते ते पाणी नको, पण मशीन उपयोगाचे आहे.

सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला सांगा, की मेंब्रेनमधून शुद्ध पाण्याची नळी जिथे बाहेर पडते तिथेच, पुढचा कार्बन फिल्टर, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज यांच्या आधी, एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा कॉक बसवून दे. कॉक उघडला की पाणी टाकीसाठी, बंद केला की नेहमीसारखे पिण्यासाठी. घरगुती मशिनात बूस्टर पंप आधीच असतो ही जमेची बाजू आहे. मेंब्रेनला नीट चालायला साधारण साडेतीन-चार बार दाब लागतो आणि गच्चीवरच्या टाकीतून तो मिळत नाही, कारण दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार दाब पडतो. घरगुती मेंब्रेन बहुधा तासाला दहा-बारा लिटर पाणी देते. हिवाळ्यात पाणी गार असते तेव्हा त्याहून कमी. पहिली टाकी भरायला दोन-तीन दिवस लागतील असे धरून चाला.

त्या टीनंतर डीआयचा, म्हणजे मिक्स्ड बेड रेझिनचा (क्षार पकडणाऱ्या दाण्यांचा) डबा लावा. मेंब्रेन बहुतांश क्षार अडवते, सगळे नाही. आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस लिटरला १५० मिलिग्रॅम असेल तर चांगल्या मेंब्रेनमधून पाच-दहा उरतो. बोअरचे ७०० टीडीएसचे पाणी असेल तर तीस-चाळीस किंवा जास्तही उरू शकतो. तो उरलेला भाग रेझिन पकडते आणि मीटरवर शून्य दिसते. रेझिन किती दिवस पुरेल हे तुमच्या सोसायटीत कोणते पाणी येते यावर ठरते, म्हणून मी आकडा सांगत नाही. महापालिकेचे गंगापूर किंवा मुकणे धरणाचे पाणी तुलनेने मवाळ असते. आपल्या बेसाल्ट खडकातल्या बोअरचे पाणी जड असते आणि शेतीच्या पट्ट्यात त्यात नायट्रेटही भरपूर असू शकते. बोअर मिसळले की रेझिन कितीतरी लवकर संपते.

रेझिन संपत आले की सर्वात आधी त्याच्या हातून सुटते ते सिलिका, आणि टीडीएस मीटरला सिलिका दिसत नाही, कारण मीटर फक्त विद्युतवाहकता मोजतो. बेसाल्टच्या पाण्यात सिलिका असतेच. टाकी जुनी झाल्यावरही काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर पुन्हा पुन्हा येत असेल तर मी पहिला संशय रेझिनवर घेतो. मीटरवर एक-दोन दिसू लागले की बदला, दहा दिसायची वाट पाहू नका. मशीन बरेच तास बंद असेल तर पहिली दोन-तीन मिनिटे मेंब्रेनचे पाणी रेझिनकडे न सोडता बादलीत जाऊ द्या. थांबलेल्या मेंब्रेनच्या पलीकडे क्षार हळूहळू झिरपतात आणि सुरुवातीचे पाणी खराब असते. एवढ्या सवयीने रेझिन बरेच जास्त टिकते.

टीडीएस मीटर क्लोरीनही दाखवत नाही. क्लोरीन अडवतो तो मेंब्रेनच्या आधीचा कार्बन फिल्टर. तो संपला की क्लोरीन मेंब्रेनलाच खातो आणि मग सगळेच बिघडते. ग्रामपंचायतीत नळाच्या पाण्यातला क्लोरीन तपासायला जी ओटी टेस्ट करतात, तिची बाटली स्वस्तात मिळते. कार्बननंतरच्या पाण्याचा नमुना वेगळ्या नळीत घेऊन थेंब टाका. पिवळा रंग आला तर कार्बन बदला, आणि तो नमुना फेकून द्या. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की पहिला सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर नेहमीपेक्षा लवकर तुंबतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्याकडे आठवड्याला एकदा नजर टाका.

दुकानदाराच्या अँटिक्लोरीनबद्दल. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते आणि ते क्लोरीन खरोखरच घालवते. फक्त तेवढेच करते. तांबे, नायट्रेट, सिलिका, फॉस्फेट सगळे जागच्या जागी राहते. नुसते मासे ठेवायचे असते आणि नळाला बारा महिने एकाच धरणाचे पाणी असते, तर या मार्गाने टाकी चालवणारे लोक आहेत हे मी नाकारत नाही. पण तुम्हाला श्रिंप आणि प्रवाळ हवे आहेत, आणि तुम्हीच लिहिले आहे की उन्हाळ्यात सोसायटी बोअर आणि टँकर मिसळते. टँकरचे पाणी आज एका विहिरीचे, उद्या दुसरीचे. माझ्या मते तुमच्यासाठी तो मार्ग नाही.

हे इतके काटेकोर का, याचा एक कागदावरचा हिशेब देतो. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात, वर पंखा लावलेल्या दोनशे लिटरच्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी सहज उडते. उडते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. सात दिवस भरपाई केली नाही तर ३५ ची क्षारता (हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) ३९ वर जाते. म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. समजा ही भरपाई तुम्ही बोअरच्या पाण्याने केली आणि त्यात लिटरला ३० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. पिण्यासाठी मर्यादा ४५ ची, म्हणजे पाणी मानकानुसार उत्तम. पण महिन्याला ९० लिटर गेले की टाकीत २,७०० मिलिग्रॅम नायट्रेट जमा झाले, म्हणजे लिटरला साडेतेरा. माशांच्या खाण्यातून येणारे वेगळेच. तांब्याचेही तसेच. ०.०५ मिलिग्रॅमचे पाणी रोज घालत गेलात तर महिन्याला लिटरमागे सुमारे ०.०२ वाढते, सहा महिन्यांत ०.१३. काही भाग दगडात आणि वाळूत जाऊन बसतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येईल, पण तिथे बसलेले तांबे परत बाहेर काढणेही अवघडच. टाकी पहिले चार महिने छान चालली आणि मग श्रिंप एकेक करून मरू लागले, अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा मी मिठाआधी भरपाईचे पाणी विचारतो.

पाणी साठवायला अन्नासाठी वापरायच्या दर्जाचा नवा प्लास्टिकचा ड्रम घ्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणारे जुने निळे ड्रम स्वस्तात मिळतात, पण आधी त्यात काय होते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ड्रमवर झाकण हवे. मच्छर मारायचे लिक्विड मशीन, कॉइल, फवारा यांतली औषधे बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली असतात आणि ती माशांना व श्रिंपला फार विषारी असतात. हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. ड्रम बाथरूममध्ये ठेवणार असाल तर फिनाइलचे शिंतोडेही लक्षात घ्या. टाकीच्या कामाची बादली, मग, नळी वेगळी ठेवा, तिच्यावर मार्करने लिहा आणि घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा.

मीठ हे प्रवाळाच्या टाकीसाठी बनवलेले सॉल्ट मिक्सच हवे. स्वयंपाकाचे, सैंधव, खडे मीठ किंवा गोड्या पाण्याच्या माशांसाठी दुकानात मिळणारे 'अॅक्वेरियम सॉल्ट' चालत नाही. ते जवळपास नुसते सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या पाण्यात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात असते आणि प्रवाळाला ते सगळे लागते.

मिसळताना क्रम पाळा. ड्रममध्ये आधी पूर्ण पाणी, ते २४-२५ अंशांवर आणायचे, पाणी ढवळणारा छोटा पॉवरहेड सुरू करायचा आणि मग मीठ थोडे थोडे सोडायचे. मिठावर पाणी ओतू नका. तळाशी दाट द्रावण झाले की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा चुना बसतो, आणि एकदा बसला की तो पुन्हा विरघळत नाही. दुधाळ दिसणारे पाणी तासाभरात निवळले तर काळजी नाही, दुसऱ्या दिवशीही ढगाळ असेल आणि तळाशी थर असेल तर ते टाकीत घालू नका. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागते, पण हे अंदाजापुरते. पावसाळ्यात उघड्या पिशवीतले मीठ हवेतली ओल ओढते, आणि मग त्याच ३६ ग्रॅममध्ये मीठ कमी आणि पाणी जास्त असते. प्रवासात बारीक आणि जाड कण वेगळे होतात, म्हणून नवी पिशवी उघडण्याआधी नीट उलटसुलट करून घ्या. शेवटचा शब्द वजनकाट्याचा नाही, रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या मीटरचा.

रिफ्रॅक्टोमीटरवर ३५, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, हे लक्ष्य. तो शुद्ध पाण्यावर शून्य करून घेतला की झाले असे समजतात, पण स्वस्त मीटर बहुधा साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्यावर एक-दोन अंकांनी चुकतात. म्हणून ३५ च्या प्रमाणित द्रावणावरच तो लावा. बाटली मिळाली नाही तर घरी करता येते: ३६.५ ग्रॅम कोरडे मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डीआयचे पाणी. या द्रावणातून प्रकाश ३५ च्या समुद्रपाण्याइतकाच वाकतो, त्यामुळे मीटर त्यावर ३५ दाखवायला हवा. स्वयंपाकाचे मीठ या एकाच कामाला चालते. वजन मात्र अचूक हवे, दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या.

मिसळलेले पाणी हवा आणि हालचाल देऊन रात्रभर फिरू द्या. काही मिठे दोन-चार तासांतही तयार होतात, पाकिटावरची सूचना त्या बाबतीत माझ्यापेक्षा वरची. दुसऱ्या दिवशी क्षारता, तापमान आणि जमल्यास अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सावरून धरण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) तपासा. अल्कलिनिटी ७ ते ११ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम या पट्ट्यात असले की पुरे. ताज्या पाण्याचा पीएच थोडा इकडेतिकडे दिसला तर लगेच औषध ओतू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी तोल जमला की तो ८.१-८.३ च्या आसपास येतो. पाणी बदलताना नवे आणि जुने पाणी क्षारतेत आणि तापमानात जुळलेले हवे, तापमानाचा फरक एका अंशाच्या आत.

आठवड्याला वीस लिटर पाणीबदल आणि वीसेक लिटर भरपाई धरली तर तुम्हाला चाळीस लिटर डीआय पाणी लागेल. मेंब्रेनचे टाकाऊ पाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट निघते. ते गाडी, फरशी आणि संडासासाठी ड्रममध्ये धरा. टँकरच्या दिवसांत हे पाणी गटारात सोडताना मलाही बरे वाटत नाही. मेमध्ये हाताशी पन्नासेक लिटर डीआय पाणी झाकून तयार ठेवा, म्हणजे दोन दिवस नळ आला नाही तरी भरपाई चुकत नाही.

मामांच्या पाण्याबद्दल. समुद्राचे पाणी वाईट नसते. किनाऱ्यावर संशोधनासाठी चालणाऱ्या टाक्या त्यावरच चालतात, पण तिथे ते निवळून, गाळून घेतात. अलिबागहून कॅनमध्ये आलेल्या पाण्यात सूक्ष्मजीव असतात, बंद कॅनमध्ये उन्हातून घाट चढेपर्यंत ते मरतात आणि कुजून अमोनिया होतो. मुंबईच्या समोरचा किनारा म्हटल्यावर तेलाचा तवंग आणि खाडीतून येणारे सांडपाणी आलेच. पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे क्षारता किती उतरेल ते सांगता येत नाही. एकदा चांगले पाणी आले तरी पुढच्या वेळी तेच येईल याची खात्री नाही, आणि पाणी तर दर आठवड्याला लागणार.

राहिले त्याच दिवशी मासे सोडणे. पाणी तयार झाले म्हणजे टाकी तयार झाली असे नाही. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू दगडावर आणि वाळूत वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे नकोत. रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया किंवा माशांचे खाद्य टाकून चाचणी किटने पाहत राहा. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य दिसतो, हे लागोपाठ दोनदा दिसले की एक मोठा पाणीबदल करा. त्यानंतर क्लाउनफिशची जोडी आणा. श्रिंप आणखी महिनाभराने, आणि त्याला आणण्याआधी तांब्याची चाचणी एकदा करून घ्या. या आठवड्यात मात्र मीठ विकत घेऊ नका. आधी टीडीएस मीटर घ्या आणि तीन ठिकाणचे आकडे लिहून ठेवा: स्वयंपाकघराचा नळ, पिण्याच्या आरओचा ग्लास आणि मेंब्रेनची नळी. ते तीन आकडे कळवलेत तर डीआयचा डबा केवढा घ्यायचा ते मला नेमके सांगता येईल.